पुढचा डावा

१

मिस्त्रींच्या दुकानात गाडी शिरली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "किती माणसं?"

गाडी किती चालली, आवाज कुठून येतो, तेल कधी बदललं, ते सगळं मागाहून. आधी गाडीत किती माणसं बसतात आणि कुठल्या सीटवर बसतात ते सांगायचं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा चौकशा फार करतो बुवा. पण मिस्त्रींचं काम शॉकचं होतं, आणि शॉक म्हणजे काही डोकेदुखीचा मलम नव्हे, की कुणीही घ्यावा आणि कुणाच्याही कपाळाला चोळावा.

रस्ता सोडून दगडधोंड्यांतून जाणाऱ्या ट्रकच्या प्रत्येक चाकापाशी मनगटाएवढं जाड नळकांडं असतं. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनच्या अंगाला कागदासारख्या पातळ पोलादी चकत्यांची चळत, आणि बाहेरून वेटोळी स्प्रिंग. चाक दगडावर आपटलं की तो धक्का ह्या नळकांड्यानं गिळायचा, वरच्या माणसाच्या मणक्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही. चळतीत एक चकती जास्त पडली की गाडी ताठ, एक कमी पडली की गाडी लोळणार. म्हणून आधी वजन कळायला हवं.

चकत्या रचायचं काम मिस्त्रीणबाईंचं. मिस्त्रींची बोटं म्हणजे नट आवळायचे पाने, एक उचलायला जावं तर तीन चिकटून यायच्या. मिस्त्रीणबाई मात्र पांढऱ्या फडक्यावर चकत्या मांडून, चष्मा नाकावर ओढून, एकेक अशी अलगद ठेवायच्या की बघत राहावं. "तुम्ही फक्त आवळा," त्या नवऱ्याला म्हणायच्या, "डोकं मी चालवते." आणि मिस्त्री खुशाल आवळायचे. तीस वर्षं असंच चाललं होतं आणि दोघांचं उत्तम जमत होतं.

त्या दिवशी दुपारी बारक्याचा ट्रक आला. बारक्या म्हणजे मिस्त्रीणबाईंचा पाठचा भाऊ. वय सेहेचाळीस, दारातून आडवा झाल्याशिवाय आत शिरत नसे, पण नाव पडलं ते पडलं. डोंगरापलीकडे सर्वेवाल्यांचा तळ होता, चाळीस माणसांचा. त्यांना पिण्याचं पाणी, औषधं, यंत्रांचे सुटे भाग पोचवायचं काम बारक्याकडे. चार दिवस चढायचं, एक दिवस माल उतरवायचा, चार दिवस उतरायचं. शेजारी बसणारा त्याचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी जावयाच्या धंद्यात गेला, तेव्हापासून बारक्या एकटाच जायचा.

"काय भावोजी, बरे आहात ना?"

"मी बरा आहे की नाही ते तुझ्या बहिणीला विचार. माझं कोण ऐकतंय?"

नेहमीचंच बोलणं. पण मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी बारक्याला घट्ट मिठीच मारली. असं ते कधी करत नसत. बारक्यानं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं खांदे उडवले.

मग मिस्त्री ट्रकखाली सरकले. शॉकच्या आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर त्यांनी प्रत्येक गाडीला एक बारीक रबरी रिंग चढवलेली असे. शॉक दबला की नळकांडं त्या रिंगला पुढे ढकलतं, आणि रिंग तिथेच राहते. खेपेहून गाडी परत आली की रिंग बघायची, म्हणजे शॉक कुठवर दबला होता ते ड्रायव्हरला न विचारताच कळतं.

उजव्या चाकाची रिंग जिथे असायला हवी तिथे होती. डाव्या चाकाची रिंग दोन बोटं पुढे गेली होती.

"बारक्या," मिस्त्रींनी खालूनच विचारलं, "कुणाला लिफ्ट दिली होतीस का रे?"

"तिकडे कोण भेटतंय भावोजी? चार दिवसांत एक कोल्हा दिसला, तोही थांबला नाही."

२

आता खरं सांगायचं तर मिस्त्रींना मिठी मारण्याइतका उमाळा का आला, ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

नऊ दिवसांपूर्वी ट्रक सकाळी निघून गेला आणि मिस्त्री टेबल आवरायला लागले, तर पांढऱ्या फडक्यावर एक चकती. पुढचा डावा शॉक त्याच फडक्यावर बांधला होता. मिस्त्रीणबाईंना ताप होता म्हणून त्या दिवशी चळत मिस्त्रींनी स्वतः रचली होती. म्हणजे एक चकती आत जायची राहिली. म्हणजे पुढचा डावा मऊ. आणि डोंगराच्या त्या वाटेवर एक कडा होता, तिथे दरी डावीकडेच होती.

ते पळत रस्त्यापर्यंत गेले. ट्रक केव्हाच दिसेनासा झाला होता. त्या वाटेवर फोन लागत नाही.

त्यांनी बायकोला सांगितलं नाही. तापातल्या बाईला काय सांगायचं, की तुझ्या भावाच्या गाडीत मी चूक करून ठेवली आहे? चकती खिशात टाकली आणि नऊ दिवस ते दुकानात बसले. बसले म्हणजे शरीरानं बसले. ती वाट त्यांनी तरुणपणी जोडीदाराच्या सीटवर बसून दहादा केली होती, प्रत्येक वळण पाठ होतं. आता नदीचं कोरडं पात्र आलं असेल. आता मोठ्या दगडांचा चढ. आता कडा, आता तो स्टिअरिंग उजवीकडे घेत असेल, घे रे बाळा, अजून घे. हातात दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा शॉक आणि मनानं डाव्या सीटवर. मिस्त्रीणबाई दोनदा म्हणाल्यासुद्धा, "अहो, चहा गार झाला. कुठे आहात?"

आणि आता ट्रक धडधाकट समोर उभा होता. मिस्त्रींनी त्याच दुपारी पुढचा डावा काढला, आत दाबून भरलेला गॅस सोडला, झाकण उघडलं, तेल परातीत ओतलं, पिस्टन बाहेर काढून चकत्या एकेक करून फडक्यावर मांडल्या. मोजल्या. परत मोजल्या. बायकोला मोजायला लावल्या.

"अकरा," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "बरोबर आहेत. का हो?"

अकराच्या अकरा होत्या. खिशातली चकती दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या चळतीतली, मापानंही वेगळी निघाली. चूक झालीच नव्हती! मिस्त्रींना हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, कळेना. त्यांनी चकती भंगाराच्या डब्यात फेकली आणि विषय संपवला.

पण शॉक निर्दोष होता, तर मग रिंग दोन बोटं पुढे कशी गेली? मिस्त्रींनी स्वतःची समजूत घातली. एखादा खड्डा चुकून डाव्या चाकाला जास्त बसला असेल. माल सरकला असेल. दोन बोटं म्हणजे काय मोठंसं.

३

पुढच्या खेपेहून ट्रक आला तेव्हा रिंग पाच बोटं पुढे होती.

एका खड्ड्यानं रिंग पुढे जाते, हे मिस्त्रींना कळत होतं. पण खड्डा काही दर खेपेला डाव्याच चाकाखाली येत नाही. शिवाय तेल वेगळंच सांगत होतं. उजव्या शॉकचं तेल मधासारखं, डाव्याचं काळपट, जळकट वासाचं. डावा शॉक सारखा जास्त राबत होता. त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवात असं तेल एकाच कारणानं होतं, शॉक एका माणसासाठी बांधला आणि गाडीत बसली दोन.

त्यांनी डावी सीट तपासली. सीटवर बारक्याचं जाकीट, पाण्याची बाटली, एक फाटका नकाशा. खाली काही लपवलेलं नाही. सीटचा स्पंज मात्र मधोमध बसका होता. त्यावर मिस्त्रींनी हात ठेवला आणि लगेच काढला. सीट कोमट होती. ऊन डाव्या खिडकीतून येत होतं, तेव्हा कोमट असायचीच, नाही का?

ह्याच सुमाराला मिस्त्रीणबाईंनी पँटच्या कमरेवरून भांडण काढलं.

"मी मागच्या महिन्यात पट्ट्याला भोक पाडलं, आता परत पाडू? तुम्ही जेवता की नुसतं ताटाशी खेळता?"

"जेवतो की. काल तिसऱ्यांदा मागून घेतलं, तूच डोळे वटारलेस."

हे खरंच होतं. मिस्त्रींची भूक चांगली होती, झोप चांगली होती. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, तुमच्या वयाच्या माणसाचं इतकं चांगलं रक्त मी पाहिलं नाही. पण काटा खोटं बोलत नव्हता. आधी चौऱ्याऐंशी. मग एकोणऐंशी. मग एकाहत्तर. चेहरा तोच, गाल तसेच, हातात जोरही तोच. फक्त वजन जात होतं.

"सडपातळ नवरा हवा होता तुला," मिस्त्री म्हणाले. "मिळाला बघ. तीस वर्षं उशीर झाला एवढंच."

"मला हाच हवा होता," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, आणि विनोदानं म्हणायला गेल्या ते रडकं निघालं. "अख्खा हवा होता."

त्या दुपारी बायको घरी गेल्यावर मिस्त्रींनी कागद घेतला. रिंग किती सरकली, स्प्रिंग किती दाबली की किती किलो होतात, हे गणित त्यांना झोपेतही यायचं. पहिल्या खेपेला पाच किलो. दुसऱ्या खेपेला तेरा. त्यांनी चौऱ्याऐंशीतून एकोणऐंशी वजा केले. मग चौऱ्याऐंशीतून एकाहत्तर वजा केले.

कागदाची घडी करून त्यांनी ती तोंडात घातली, चावली आणि थुंकून टाकली. असं का केलं, ते त्यांना मागाहूनही सांगता आलं नसतं. बायकोच्या हाती तो कागद लागू नये एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं.

४

"भावोजी, एक विचारू? हसणार नाही ना?"

बारक्या दुकानातल्या स्टुलावर बसला होता. तो बसला की स्टूल दिसेनासं व्हायचं.

"आधी विचार, मग ठरवू."

"गेल्या खेपेला जाताना कड्यावर मला डुलकी लागली. भर दुपारी. रात्रभर एका चाकाचं काम करत होतो, त्याचा परिणाम. डोळे मिटले ते कळलंच नाही. आणि मग आवाज आला."

"कसला आवाज?"

बारक्यानं दातांवर दात ठेवून आत हवा ओढली. स्सस्स. "तुम्ही करता ना तसा. मी नट जास्त आवळायला लागलो की तुम्ही करता. लहानपणापासून मला त्या आवाजाची एवढी भीती, की हात आपोआप थांबतात. डोळे उघडले तर डावं चाक कड्याच्या अगदी काठावर. स्टिअरिंग उजवीकडे वळलेलं होतं. मी वळवलं की कुणी, देव जाणे."

मिस्त्रींनी हातातला पाना टेबलावर ठेवला.

"घाबरलो नाही हो मी," बारक्या हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "खरं सांगू? बरं वाटलं. एकटं जायचा कंटाळा येतो. अलीकडे येत नाही. अलीकडे मी बोलतोसुद्धा. गाडीचं, तळावरच्या लोकांचं, लहानपणीचं काय काय. तुमच्याशी बोलतोय असं समजून. वेडा झालोय म्हणा हवं तर."

चहाचे कप घेऊन मिस्त्रीणबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या, कुणाला कळलं नाही. त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या ढगळ शर्टाकडे. मग कप टेबलावर ठेवले.

"गणित मला दाखवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही केलंच असणार. मी ओळखते तुम्हाला."

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. चकतीचंही सांगितलं, त्या नऊ दिवसांचंही सांगितलं. बारक्या ऐकता ऐकता हसायला लागला.

"भावोजी, नऊ दिवस? अहो, मी तर मजेत गाणी म्हणत चाललो होतो."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. आणि कुठली गाणी, तेही त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळू लागले.

५

मिस्त्रीणबाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही, ही त्यांचीच शिकवण. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चाकांखाली ठेवायचे चार सपाट वजनकाटे बाहेर काढले. ट्रक त्यांच्यावर चढवला. आकडे दाखवणारी पेटी मांडीवर घेऊन त्या स्टुलावर बसल्या.

ट्रक नवा असतानाची नोंद वहीत होती. टाकी रिकामी, गाडीत कुणी नाही, पुढचं डावं चाक, अकराशे चाळीस किलो. ह्या ट्रकमध्ये सीट चाकाच्या डोक्यावरच असल्यामुळे बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन त्याच चाकावर यायचं.

"उतर बारक्या. टाकी रिकामी आहे? सीटवरचं सामान काढलंस?"

"सगळं काढलं ताई."

पेटीवर आकडा स्थिर झाला. अकराशे एकोणसाठ.

सकाळीच घरच्या काट्यावर मिस्त्री पासष्ट भरले होते. चौऱ्याऐंशीतून पासष्ट गेले, राहिले एकोणीस. तिघांनाही हे गणित करायला वेळ लागला नाही.

"काटा जुना आहे," मिस्त्री म्हणाले. "जुना काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवतो. मी वर चढतो, तू बघ. पासष्ट वाढले तर काटा बरोबर, नाही तर काटा भंगारात."

"नका चढू," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"अगं, तपासायला नको? तूच म्हणतेस ना, मोजून बघा?"

मिस्त्रींनी डावं दार उघडलं, दाराजवळच्या दांड्याला धरून ते वर गेले आणि सीटवर बसले. आणि आश्चर्य म्हणजे इतक्या महिन्यांत त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं. पाठ टेकली तिथे सीट त्यांच्याच पाठीच्या आकाराची होती. पाय ठेवला तिथे रबरी चटई त्यांच्याच टाचेएवढी झिजली होती. दम लागून घरी पोचावं आणि आपल्याच खुर्चीत बसावं, तसं. दोन मिनिटं ते तसेच बसून राहिले.

"बाराशे चोवीस," खालून बायकोचा आवाज आला. सुटकेचा. "पासष्ट वाढले. काटा बरोबर आहे. आता उतरा."

मिस्त्री उतरले. खाली उभे राहिले, दार लावलं, हात झटकले.

"उतरा ना," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. त्यांची नजर पेटीवर होती.

"उतरलोय."

"अहो, चेष्टा पुरे. उतरा खाली."

"अगं, हा काय तुझ्यासमोर उभा आहे!"

मिस्त्रीणबाईंनी मान वर केली. नवरा समोर उभा होता. त्यांनी पेटीकडे पाहिलं. बाराशे चोवीस. बारक्यानं चारी काट्यांच्या तारा हलवून पाहिल्या, ट्रकला धक्का देऊन पाहिला, पेटी बंद करून चालू केली. बाराशे चोवीस. मग तो खाली बसून डाव्या चाकाकडे बघत राहिला. शॉक दबलेलाच होता. वर कुणी बसलं असावं तसा.

मिस्त्री घरच्या काट्याकडे निघाले तशी बायकोनं त्यांचा दंड पकडला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याच्यावर उभं राहायचं नाही. मला तो आकडा बघायचा नाही."

ती पकड त्यांनी सोडली नाही. जेवताना सोडली नाही, हात धुताना सोडली नाही. घट्ट धरूनही दंड जड लागत नव्हता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

६

"मी जातच नाही," बारक्या म्हणाला. "काम गेलं खड्ड्यात. ट्रक विकून टाकतो."

"आणि तळावर चाळीस माणसं पाण्याची वाट बघतायत, त्यांना काय सांगशील?" मिस्त्री म्हणाले. "ही शेवटची खेप ना तुझी? पुढच्या महिन्यात तिकडे पाइप जाणार आहे."

"हो."

"मग ही खेप होऊ दे." मिस्त्रींचा आवाज शांत होता. रात्रभर विचार करून त्यांनी हे एवढंच पक्कं केलं होतं. "माणूस मुक्कामाला पोचल्यावर उतरतो. मधेच कसा उतरणार? तू जाऊन परत ये. तुझं जाणं संपलं की माझ्या जिवाला घोर नाही. घोर नाही तर मी तिथे कशाला बसेन? आणि गाडी विकलीस, तर मी कुणाबरोबर जाऊ? अनोळखी ड्रायव्हरबरोबर?"

बारक्यानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि पाण्याची पिंपं भरायला गेला.

राहिला पुढचा डावा. तो आता खोलून, नवीन सील घालून, टेबलावर उघडा पडला होता. मिस्त्रीणबाईंनी पांढरं फडकं पसरलं, चष्मा ओढला. एका हातानंच काम करत होत्या, कारण दुसरा हात नवऱ्याच्या मनगटावर होता. अकरा चकत्या रचून झाल्या. बाराव्या चकतीवर त्यांचं बोट थांबलं.

अकरा म्हणजे एक माणूस. बारा आणि स्प्रिंगचा नट दोन फेरे खाली म्हणजे दोन माणसं.

"किती माणसं?" त्यांनी विचारलं. त्या हे दुकानात तीस वर्षं ऐकत आल्या होत्या, पण विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मिस्त्रींच्या मनात आलं, एकच म्हणावं. एकाचा शॉक लावला तर तिथे दुसऱ्याला जागा नाही, मग झक मारत उतरावं लागेल. पण नाही उतरता आलं तर? तर चौऱ्याऐंशी किलो जास्तीचे, मऊ शॉक, आणि डावीकडे दरी. बायकोचा एकुलता एक भाऊ. ज्याला त्यांनी पहिला पाना हातात दिला होता.

"दोन," ते म्हणाले.

"मी नाही लावणार. तुम्हाला तिथे बसवायला मी माझ्या हातानं चकती लावू?"

"अगं, मी बसलेलोच आहे. तू फक्त त्याला सांभाळ."

मिस्त्रीणबाईंनी बारावी चकती उचलली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, फडक्यानं पुसली आणि चळतीवर ठेवली. कधी नव्हे ती जरा तिरकी पडली. त्यांनी ती सरळ केली. मिस्त्रींनी नट आवळला, आणि आवळताना पान्याला जोर लागत नाहीये असं त्यांना वाटलं, पण नट मात्र पुरता बसला.

सकाळी नऊला ट्रक बाहेर उभा राहिला. नव्या शॉकमुळे डावी-उजवी बाजू अगदी समान होती, पाणसळ लावावी इतकी. बारक्यानं इंजिन चालू केलं. दुकानासमोर मिस्त्री निरोपाचा हात वर करायला गेले आणि हात त्यांना कुठे दिसेना.

त्यांना काच दिसत होती. पुढची काच, तिच्यावरची धूळ, वायपरनं काढलेली अर्धवर्तुळं. शेजारून बारक्याच्या शर्टाचा डिझेलचा वास येत होता. आणि काचेतून, बरंच खाली, दुकानाच्या पायरीवर त्यांची बायको दिसत होती. वरून तिचा भांग दिसत होता. किती पांढरे झालेत केस, मिस्त्रींच्या मनात आलं, समोरून कधी कळलंच नाही. तिच्या शेजारी एक माणूस उभा होता. ढगळ शर्टातला. ती त्याचं मनगट धरून होती. तो माणूस सज्जन दिसत होता, शांत, कुठेच न बघणारा. हवा आली की त्याचा शर्ट हलायचा आणि शर्टाबरोबर तोही थोडा हलायचा.

मिस्त्रींना तिला हाक मारायची होती. पण बारक्यानं गिअर टाकला होता, आणि आता त्यांचं लक्ष रस्त्यावर असायला हवं होतं.

"थांब रे," मिस्त्रीणबाई ओरडल्या.

ट्रक थांबला. त्या पायरी उतरून आल्या, त्या माणसाला हाताला धरून घेऊन आल्या, भावाच्या दाराशी गेल्या नाहीत, वळसा घालून डाव्या बाजूला आल्या. काच खाली होती. त्या टाचा उंचावून आत बघू लागल्या. बरोबर डोळ्यांत बघितलं त्यांनी, एक इंचही इकडेतिकडे नाही.

"त्याला दर दोन तासांनी थांबायला लावा," त्या म्हणाल्या. "तुम्हीही जरा खाली उतरून पाय मोकळे करत जा, तुमचा गुडघा धरतो. आणि काळजी करू नका हो." शेजारच्या माणसाची कॉलर त्यांनी सरळ केली, वरचं बटण लावलं. "तुम्ही येईपर्यंत ह्यांना मी बघते."